कपाटातले एकशे अठरा भाडेकरू

माझ्या सुनेला जगातली सगळी मूलद्रव्यं पाठ करायची होती. एकशे अठरा. नंबरासकट, क्रमाने, आणि कुणी मधलंच विचारलं तर मधलंच. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती शिडीच्या चौथ्या पायरीवर होती आणि मी खाली स्टुलावर, म्हणजे दोघी आपापल्या जागी होतो.

"मूलद्रव्यं म्हणजे काय गं?"

"ज्यांच्यापासून बाकीचं सगळं बनतं ती. हवा, लोखंड, सोनं, माणसं."

"मी पण त्यांचीच?"

"तुम्ही पण, आई."

"बघ हं. मला वाटलं मी एकशे एकोणिसावी."

ती हसली आणि वरच्या ओळीतला खण बंद करून खाली उतरली. मी तिला मुंगी म्हणते. दिवसभर भिंतीवर चढ-उतार करते म्हणून.

आमचं बटणांचं दुकान आहे. चार पावलं रुंद, अकरा पावलं लांब. एका टोकाला शटर, दुसऱ्या टोकाला उभा जिना, जिन्यावर दोन खोल्या. डावी भिंत सगळी एका कपाटाने भरलेली: आठ ओळी, एका ओळीत पंधरा खण, एकूण एकशे वीस. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या बटणाचा नमुना तारेने बांधलेला. नाव नाही, नंबर नाही, चिठ्ठी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी शाळा तिसरीपर्यंत झालेली, आणि तिसरीही दोनदा. सासरे म्हणाले होते, हिला कपाट समजायला वर्ष लागेल. मला एकोणीस दिवस लागले. ते वारले तेव्हा घरचे सगळे रडत होते आणि मी गिऱ्हाइकाला न बघता कोटाची बटणं काढून देत होते, कारण दुकान उघडं होतं.

सहा वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा कामातून गेला. तेव्हापासून स्टूल. स्टुलावर बसून हात लांब केला तर चौथी ओळ आणि पाचवी ओळ, त्यातलेही मधलेच सात-आठ खण. वरचं सगळं, खालचं सगळं मुंगीकडे. सकाळी ती मला धरून जिना उतरवते, संध्याकाळी धरून चढवते. मधला सगळा दिवस मी चार पावलांच्या रुंदीत.

मुलगा माझा दुसऱ्या शहरात, रंगाच्या कारखान्यात. तिथे तिघांबरोबर एका खोलीत राहतो आणि महिन्यातून एकदा घरी येतो. लग्नाला आठ वर्षं झाली, पण नवरा-बायको एका छपराखाली राहिल्याचे दिवस जोडले तर वर्ष भरायचं नाही. दुकान कोण बघणार, हा प्रश्न दर वेळी मीच विचारायची आणि दर वेळी सगळे गप्प बसायचे.

मग त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा निघाली. सून बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली. तिथून उचलून आम्ही तिला शिडीवर ठेवली. जागा मिळाली तर दोघांना मिळून कारखान्याचं दोन खोल्यांचं घर. परीक्षा एकच, पण प्रयोगशाळेचा मुख्य म्हणे विक्षिप्त. ज्याला तक्ता पाठ नाही त्याला तो बाटलीला हात लावू देत नाही.

पास झाली तर ती जाणार, माझी सहा वर्षांची नात ठकी जाणार, आणि मी स्टुलावर. नापास झाली तर सगळं आहे तसं. मला आहे तसंच हवं होतं. उगीच खोटं कशाला बोलू.

सुरुवातीला मला काळजी नव्हती, कारण तिची पाठ करायची रीतच अशी होती की ती पास होणं शक्य नव्हतं. आधी तिने नुसती घोकंपट्टी केली. शिडी चढताना वीस, उतरताना वीस. पायरी चुकली की नंबर चुकायचा. मग कुठल्या जुन्या मैत्रिणीने तिला युक्ती सांगितली: पहिली पहिली अक्षरं घ्यायची आणि त्यांचं वाक्य बनवायचं. लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, निऑन. त्याचं तिने केलं, "लिहिताना बेबी बोलली, काकू नाहीत ऑफिसात, फ्लॅटमध्ये निजल्यात."

"कोण ही काकू?" मी विचारलं. "ऑफिस सोडून भरदुपारी निजते?"

"कोणी नाही हो आई. वाक्य आहे."

तीन दिवसांत तिची आठ वाक्यं झाली आणि पहिल्या वाक्यातली काकू पाचव्या वाक्यात शिरली. आधी फक्त मूलद्रव्यं पाठ करायची होती, आता काकूंचं सगळं घराणं पाठ करायचं झालं. मग आल्या चिठ्ठ्या. आरशावर, पिठाच्या डब्यावर, मोरीच्या दारावर. ठकीने त्या काढून बाहुलीच्या अंगावर चिकटवल्या. मग तिने स्वतःच्याच आवाजात तक्ता मोबाइलवर भरला आणि कानात बोंडं घालून काम करायला लागली. एक शिंपी आला, म्हणाला, "वहिनी, सव्वीस द्या." ती म्हणाली, "लोखंड." तो बिचारा काचेची बटणं मागत होता.

परीक्षेला सात आठवडे उरले होते तेव्हा एका दुपारी ती शिडीवरच थांबली. हातात खण, आणि खाली येईना.

"काय झालं?"

"चाळीसच्या पुढे जातच नाही. रोज चाळीस होतात, रोज सकाळी पंचवीस उरतात."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण काम चुकीच्या रीतीने चाललेलं मला बघवत नाही, मग ते माझ्या विरोधातलं का असेना. जीभ सुटली.

"अगं, तू नुसती नावं डोक्यात कोंबतेस. त्यांना राहायला घर कुठे दिलंयस? बिनघराचं माणूस रात्रीतून निघून जातं. मी हे कपाट कसं पाठ केलं माहीत आहे?"

"कसं?"

"खण पाठ केलेच नाहीत. प्रत्येक खणात एक गिऱ्हाईक राहायला ठेवलं. ज्याला जे बटण लागतं, तो त्या खणाचा मालक. बटण विसरेन मी, माणसं नाही विसरत. विशेषतः ज्यांनी मला त्रास दिलाय ती."

ती खाली उतरली. पुस्तक घेऊन माझ्या पायाशी बसली. असं ती कधी बसत नाही, तिला वेळ नसतो.

"मग माझी मूलद्रव्यं..."

"माझ्या गिऱ्हाइकांकडे भाडेकरू म्हणून ठेव. पहिला कोण तुझा?"

"हायड्रोजन. सगळ्यांत हलका, आणि जगात सगळ्यांत जास्त."

"पहिला खण शर्टाच्या साध्या पांढऱ्या बटणांचा. सगळ्यांत हलकं, सगळ्यांत जास्त खपतं. दुसरा?"

"हेलियम. फुग्यात भरतात तो."

"दुसरा खण नर्सबाईचा, बाळांच्या झबल्यांची बटणं. ती चालते तेव्हा तिचे पाय जमिनीला लागतात का? नाही लागत. झालं. तिसरा?"

"लिथियम. घड्याळाच्या सेलमध्ये असतो."

"तिसरा घड्याळजीचाच आहे," मी म्हटलं, आणि तिच्या अंगावर काटा आलेला मला तेव्हा दिसला. तेव्हा अजून तेवढं दिसत होतं.

अशी आमची शाळा सुरू झाली. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी स्टुलावर आणि ती पुस्तक घेऊन. ती मला भाडेकरूचा स्वभाव सांगायची, मी मालक बघून जागा पक्की करायची. नववा खण एका भांडकुदळ शिंपिणीचा. फ्लोरिन म्हणे असाच, समोर येईल त्याला धरतो, सोडत नाही. दहावा खण मास्तरीणबाईंचा, निऑनचा, कुणाला धरतच नाही. असे निऑनसारखे आणखी पाच-सहा आहेत म्हणाली, कुणाशी देणं नाही, घेणं नाही.

"चांगले लोक आहेत," मी म्हटलं.

"तुमच्यासारखे," ती म्हणाली. पूर्वी असं बोलायची हिंमत नव्हती तिची.

अकराव्यात सोडियम, अंगाला पाणी लागलं की भडकणारा. तिथे आमचा रंगारी राहतो, आंघोळीचं नाव काढलं की तोही तसाच. काही ठिकाणी मात्र जमता जमेना. बावन्नाव्या खणात कोटाची चामडी बटणं आहेत, मालक एक म्हातारा शिंपी. त्याच्या तोंडाला कायम लसणाचा वास, म्हणून मी त्याला लसूण्या म्हणते. बावन्न नंबर टेल्युरियम, आणि त्याच्याविषयी आम्हा दोघींना काडीची माहिती नाही. मग तिने कुठल्याशा जाड पुस्तकात शोधलं. टेल्युरियम ज्याच्या अंगात जातं, त्याच्या श्वासाला लसणाचा वास मारतो. त्या दिवशी ती इतकी हसली की शिडीला धरून उभी राहिली. शेजारचा त्रेपन्नावा खण कंपाउंडरच्या पांढऱ्या कोटाच्या बटणांचा. दिवसभर जखमांना आयोडिन लावणारा माणूस, तो आयोडिनलाच मिळाला.

"ही जोडी महत्त्वाची," ती म्हणाली. "वजनाने बघितलं तर टेल्युरियम जड आहे, तो नंतर यायला हवा. पण तो आधी येतो. तो मुख्य हेच विचारतो म्हणे, माणूस इथेच फसतो."

आणि पाचव्या ओळीत टर्बियम आणि एर्बियम. पासष्ट आणि अडुसष्ट. चार मूलद्रव्यांना एकाच खेड्यावरून नावं दिलीत, त्यातली ही दोघं.

"एकाच माहेरच्या चौघी," मी म्हटलं. "सासरी नाव कोण नीट घेणार. गोंधळ होणारच."

शेवटचे दोन खण उरले, एकशे एकोणीस आणि एकशे वीस. आत तुटकी कात्री आणि सुतळी. "हे अजून कुणाला सापडलेले नाहीत," ती म्हणाली आणि ते बंद केले.

चार आठवड्यांत तिला कपाट तोंडपाठ झालं. डोळे मिटून खणांवरून बोट फिरवायची आणि नंबर, नाव, वजन सांगत जायची. एकदा अडखळली तेव्हा मी तिला बजावलं, "गोंधळ झाला तर डोक्याचं ऐकू नकोस, कपाटाचं ऐक. डोकं थकतं. कपाट थकत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

त्याच दिवसांत मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून, गाडी करून, एकटी. बऱ्याच महिन्यांपासून माझ्या नजरेच्या मधोमध एक डाग होता. आधी तो शर्टाच्या बटणाएवढा होता, मग कोटाच्या. कडेचं सगळं दिसायचं: भिंत, शटर, दारातली चप्पल. जिच्याकडे बघावं तीच वस्तू नाहीशी. डॉक्टर म्हणाला, हा डाग मोठाच होत जाणार, उपाय नाही. घरी कोण आहे सोबतीला?

मी म्हटलं, "सून आहे."

परत येऊन स्टुलावर बसले आणि कपाटाकडे बघितलं. कपाटाच्या चारी कडा दिसत होत्या. कपाट नव्हतं. हाताला मात्र सगळं होतं, बोट लावलं की नमुना कळत होता. पण हात पोचत होता सात-आठ खणांवर. बाकीचे सगळे मुंगीच्या हाताला होते, आणि मुंगीला मी स्वतःच पंख लावून दिले होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती ठकीला शाळेतून आणायला गेली. जायला-यायला अर्धा तास लागतो. मी शटरकडे कान लावला, तिची पावलं कोपऱ्यावर वळलेली ऐकली, आणि हात लांब केला. बावन्नावा खण पूर्ण ओढून काढला, मांडीवर ठेवला. त्रेपन्नावा काढला, त्याच्या जागी बावन्नावा सरकवला. मग पाचवी ओळ: पासष्ट, अडुसष्ट. हातात ताकद कमी, खण बटणांनी भरलेले, घामाने पाठ भिजली. तो घाम ओझ्याचा. निदान मी तसं म्हटलं स्वतःला.

मी असा हिशेब केला होता. रात्रीच्या आत ती शेवटची फेरी मारणार. बोट चुकीच्या बटणावर पडणार. डोकं म्हणेल एक, कपाट म्हणेल दुसरं, आणि मी तिला शिकवलं होतं कुणाचं ऐकायचं ते.

ती आली, ठकीला वर पाठवलं, डोळे मिटून सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीच्या मध्यावर आवाज थांबला.

"आई."

"काय?"

मी तिच्याकडे बघत होते, आणि जिथे तिचा चेहरा असायला हवा तिथे डाग होता.

"काही नाही," ती म्हणाली. मग सावकाश, "बावन्न, आयोडिन. त्रेपन्न, टेल्युरियम."

पुढे पाचव्या ओळीतही तिने कपाटाचंच ऐकलं. एकशे अठरापर्यंत गेली. पाणी प्यायली. मला धरून जिना चढवला, एरवीपेक्षा जास्त घट्ट धरून. मला वाटलं परीक्षेची धास्ती आहे.

सकाळी मी खाली यायच्या आत ती गेली. नर्सबाई दोन तास दुकानात बसायला आली होती, तिने मला उतरवलं. ती चहा करायला वर गेली तशी मी हात लांब केला. चार खण जागेवर लावून टाकावेत, आता काम झालं, असा विचार. बावन्नाव्याला बोट लावलं तर चामडं लागलं. त्रेपन्नाव्याला कंपाउंडरचं बटण. पासष्ट, अडुसष्ट, सगळे आपापल्या जागी.

जाण्याआधी तिने ते लावले होते. म्हणजे तिला कळलं होतं.

त्यानंतरचे सतरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ती परत आली, पेपर बरा गेला म्हणाली, खणांविषयी एक अक्षर नाही. मी वाट बघत होते, कधी बोलते, कधी माझं माप माझ्या पदरात घालते. पण ती उलट गोड झाली. माझं ताट माझ्या हाताशी सरकवायची. शटरच्या उंबऱ्याशी "पायरी आहे, आई" म्हणायची, जी पायरी मी तिच्या जन्माआधीपासून उतरत होते. ठकी चहाचा कप थेट माझ्या बोटांत द्यायला लागली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आईने. म्हणाली, आजीच्या हातातच द्यायचा."

मला अर्थ लागला नाही.

पत्र आलं ते दुपारी. पोस्टमन म्हणाला, "कारखान्याचं आहे." तिने उघडलं, वाचलं, घडी करून ठेवलं. मी विचारलं, "काय लिहिलंय?" म्हणाली, "अजून कळवतो म्हणतात." आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी खोटं बोलली आणि किती वाईट बोलली.

दुसऱ्या दिवशी ती जिन्याखाली उभी राहून मुलाशी फोनवर बोलत होती. तिला वाटतं जिन्याखालचं ऐकू येत नाही. डोळे जायला लागल्यापासून मला रस्त्यापलीकडचंही ऐकू येतं.

"पास झालेय मी. एकशे अठरापैकी एकशे सोळा, तोंडीत सगळे... नाही, नाही येणार. ऐका तर. आईंना दिसत नाही हो. चार खण चुकीच्या जागी लावले होते त्यांनी, बावन्न आणि त्रेपन्न सुद्धा. त्यांच्याकडून असं कधी झालंय का? त्यांना कळलंही नाही. मी मुद्दाम चुकीचं म्हटलं त्यांच्यासमोर, तरी काही बोलल्या नाहीत. बिचाऱ्या एकट्याच सोसतायत... नाही. मी त्यांना अशा सोडून नाही येऊ शकत."

पलीकडे मुलगा काय बोलला ते ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "ठकीचा दात पडला. पुढच्या खेपेला दाखवेल," आणि फोन ठेवला.

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं होतं. नापास न होताच ती राहणार होती. माझ्यासाठी, राजीखुशीने, मी मरेपर्यंत. मी स्टुलावर बसून ते सुख अंगाला लागतंय का ते बघत होते. लागत नव्हतं. सारखा तो एक शब्द कानात येत होता, बिचाऱ्या. मला दुष्ट म्हणणारी माणसं या रस्त्यावर दर दुसऱ्या दारात आहेत, त्याने माझी झोप गेली नाही. बिचारी आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि मी तशी का झाले, तर माझ्या पापाला तिने दुखणं समजलं म्हणून.

दोन दिवस मी वाट काढत बसले. एकच वाट होती आणि ती माझ्याच अंगावरून जात होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, "मुंगे, पत्र खिशात किती दिवस वागवणार? पास झालीस ना?"

तिच्या खिशात कागद चुरचुरला.

"आणि ते चार खण. ते चुकून लागले नव्हते. मी बदलले. मुद्दाम."

"आई, असं नका बोलू. मला माहीत आहे तुम्हाला..."

"काय माहीत आहे? मला दिसत नाही हे? मला सगळं दिसतं. तू नापास व्हावीस म्हणून मी बदलले. तू गेलीस तर दुकानात शिडी कोण चढणार?"

"तुम्ही मला पाठवायला म्हणून खोटं बोलताय."

एवढी हुशार झाली होती ती. मीच शहाणी केली होती.

"मग बघ परीक्षा घेऊन," मी म्हटलं. "तुझा तो मुख्य घेतो तशी."

ती उठली. पायांत चप्पल नव्हती, पण फरशीच्या तडकलेल्या तुकड्यावर पाय पडला की तो हलतो. तो हलला, म्हणजे ती कपाटाच्या डाव्या बाजूला. शिडी सरकली नाही, म्हणजे वरच्या ओळी नाहीत. मग एक खण आधी वर उचलला गेला, मग ओढला गेला, आणि कण्हला. सहाव्या ओळीतला पाचवा. तो तसाच अडतो, माझ्या लग्नाआधीपासून. आत हात गेला आणि गोल, गुळगुळीत काहीतरी एकमेकांवरून घरंगळलं.

"माझ्या हातात काय आहे?"

ती माझ्या अगदी समोर उभी होती. मी डोळे उघडे ठेवून त्या डागाकडे बघितलं.

"स्टीलचं गोल बटण. नंबर ऐंशी," मी म्हटलं. "पारा. आणि हात खाली घे, दुखेल."

तिचा हात वर असणार एवढा मी अंदाज केला होता. बाहीची सळसळ झाली, हात खाली आला.

"आणि मी आता रडतेय का?"

हे मात्र अवघड होतं. मी श्वास रोखून तिचा श्वास ऐकला. नाकाने चालला होता, सरळ.

"नाही. रडायला तुला सवड कुठे आहे."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, परत उचलली आणि गेलं.

"म्हणजे मुद्दाम," ती म्हणाली.

"हो."

"टेल्युरियम आणि आयोडिन. मी तुम्हाला सांगितलं होतं, माणूस इथेच फसतो. तुम्ही ते लक्षात ठेवलंत."

"माझ्या सगळं लक्षात राहतं."

"मी तुमच्या पायाशी बसून शिकले. माझ्या आईने मला असं कधी शिकवलं नव्हतं." आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "सहा वर्षं मी तुमची शिडी चढले. एक दिवस मला खाली उतरू द्यायचं नव्हतं तुम्हाला."

"दुकान कोण बघणार?" मी म्हटलं. जुनाच प्रश्न. या वेळी ती गप्प बसली नाही.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं दिसतं ना."

तिने ऐंशीवा खण लावला. तो कधी एका धक्क्यात लागत नाही, त्या दिवशी लागला.

चार दिवसांनी मुलगा येऊन दोघींना घेऊन गेला. माझ्याशी तो कामापुरतं बोलला. सून निघताना वाकली, पायाला हात लावला, आई म्हणाली नाही. ठकीने विचारलं, "आजी का नाही येत?" मुलाने तिला कडेवर घेतलं आणि शटरबाहेर पडला.

आता नर्सबाई सकाळी मला उतरवते आणि कामावर जाते, संध्याकाळी आली की चढवते. माझ्या डोळ्यांचं तिला ठाऊक आहे, कुणाला न सांगायची मी शपथ घातली आहे. गिऱ्हाइकांना मी सांगितलंय, गुडघा फार दुखतो, शिडी तुमची तुम्ही चढा. लसूण्यासुद्धा चढतो, कुरकुरत. मी खालून सांगते, तिसरी ओळ, डावीकडून सातवा, आणि तो म्हणतो, म्हातारे, तुझी नजर घारीची. कधी कधी दुपारभर कुणी येत नाही. शटरमधून उजेड येतो, फरशीवरून सरकतो, एवढं कडेकडेने कळतं. उठून दारापर्यंत जावं म्हटलं तर दार कुठल्या बाजूला संपतं याची खात्री राहत नाही. मग बसून राहते.

मुलगा दर रविवारी फोन करतो. मागच्या रविवारी म्हणाला, "तिच्या पांढऱ्या कोटाचं एक बटण तुटलंय. इथे तसं मिळत नाही. आहे का आपल्याकडे?"

"तिने विचारलंय?"

"मीच विचारतोय."

पण त्याच्या श्वासाशेजारी आणखी एक श्वास होता. नाकाने चाललेला, सरळ. मला तो ओळखू येतो.

"त्रेपन्नाव्यात आहेत," मी मोठ्याने म्हटलं. "पाठवते डझनभर. तिला सांग, जागेवर आहेत."

तो श्वास जरा थांबला. मग फोन बंद झाला.

पुडी करून मी नर्सबाईकडे दिली आहे, पोचली की नाही अजून कळलं नाही. रोज दुपारी मी एक फेरी मारते. हाताला लागतात ते खण हाताने, बाकीचे तोंडाने. नर्सबाई, घड्याळजी, भांडखोर शिंपीण, मास्तरीणबाई, रंगारी. सगळे मालक, सगळे भाडेकरू घरीच असतात, कुणी हललेलं नसतं. एकशे अठरानंतर दोन खण येतात, त्यांत कुणी राहत नाही. तिथे पोचले की परत पहिल्यापासून सुरू करते.